उत्तरेकडून ऊन

दुपारचा चहा गाळत होते आणि बाहेरच्या खोलीत ऊन आलं. ह्यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. लोकांच्या घरात ऊन येतंच. आमच्या घरात येत नाही. लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून एकदाही आलेलं नाही. सगळ्या खिडक्या उत्तरेला, आणि त्या तशा आहेत म्हणूनच ह्यांनी हे घर घेतलं. घर दाखवायला आलेला दलाल बिचारा ओशाळून म्हणाला होता, "तसं सगळं चांगलं आहे, फक्त ऊन तेवढं येत नाही," तर हे म्हणाले, "कधीच नाही ना? नक्की?" आणि तिथल्या तिथे बोलणी पक्की केली. सगळा जन्म उन्हाच्या मागे डोंगर पालथे घालणारा माणूस, आणि त्याच्या घरात टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसर. लेकीची दुपटी मी इस्त्रीखाली वाळवली आहेत. ह्या खोलीतला उजेड सदा एकसारखा, राखाडी, समजूतदार. सकाळ आहे की दुपार हे घड्याळाला विचारायचं. तर त्या उजेडात, जमिनीवर, एकदम एक पिवळाधमक चौकोन. मला आधी वाटलं कुणीतरी दिवा लावला. मग वाटलं, कोण लावणार? हे जाऊन वर्ष होत आलं, लेक परगावी, घरात मी एकटी. हातातल्या गाळण्यातून चहा फरशीवर ठिबकतोय आणि मी दारात उभी. ऊन ह्यांच्या खुर्चीच्या पायाशी येऊन पडलं होतं, ओळखीचं कुत्रं येऊन बसावं तसं.

खिडकीशी गेले तेव्हा उलगडा झाला. रस्त्यापलीकडे कितीतरी दिवस हिरव्या जाळ्यांच्या आत एक इमारत वाढत होती. त्या जाळ्या उतरवल्या होत्या, आणि आत सगळी काच. वरपासून खालपर्यंत काच. ऊन तिच्यावर आपटून, रस्ता ओलांडून, उलट्या पावली आमच्या खिडकीत शिरलं होतं. म्हणजे खरं ऊन नव्हेच, उसनं. ह्यांनी ते दारात उभं केलं नसतं. फ्लॅशला हे 'चापट' म्हणत. "अंधारात चापट मारून समोरच्याचं तोंड बघायचं, हा काय प्रकार झाला?" शाळेत चित्रकला शिकवायचे, सुट्टी लागली की ट्रायपॉड खांद्यावर टाकून निघायचे, म्हणून दोस्तमंडळी ह्यांना ढगमास्तर म्हणत. डोंगर, तळी, माळरानं, ओसाड वाटा. माणूस मात्र एकाही फोटोत नाही. "माणूस आला की बघणारा माणसाकडेच बघतो. डोंगर बिचारा मागचा पडदा होऊन बसतो." आणि उजेड जो असेल तो, जसा येईल तसा, जेव्हा येईल तेव्हा. भर दुपारचं ऊन ह्यांच्या लेखी उद्धट. ते डोंगराला सपाट करतं. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन हवं, म्हणजे डोंगराची घडी न् घडी उठते. जंगलात, झऱ्यापाशी मात्र ढगाळ दिवस. "उजेड चालत येतो गं. त्याला हाका मारायच्या नाहीत." मला चुलीवर... गॅसवर ठेवलेल्या दुधाला सोडून कुणाचीच वाट बघायची सवय नव्हती. ती ह्यांच्या घरात लागली.

त्याच आठवड्यात, शनिवारी, एक मुलगी यायची होती. ह्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं, आणि आमच्या भिंतीवरचा फोटो, तळ्याचा, ती घेऊन जाणार होती. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, ह्यांच्या खुर्चीच्या बरोबर पुढ्यात, इतकी वर्षं एकच फोटो आहे. काळा-पांढरा. खाली तळं, त्यापलीकडे डोंगराची उतरण, वर ढगांचं दडपण. त्या ढगांत कुठेतरी एक फट, आणि तिच्यातून सुटलेलं ऊन उतरणीवर आणि पाण्याच्या एका पट्ट्यावर. आणि उजवीकडे खाली, काठाच्या खडकांपाशी, गच्च अंधार. ह्याच फोटोनं ह्यांचं नाव झालं. त्या अंधाराबद्दल तर जाणकारांनी काय काय लिहिलं. त्यानं फोटोला वजन आलंय, तो नसता तर हे नुसतं देखणं चित्र झालं असतं, वगैरे. हे ऐकून घ्यायचे आणि गप्प बसायचे. त्याची निगेटिव्ह नाही. बुरशी लागली म्हणून हे सांगत. एकच प्रत, भिंतीवरची. मुलगी फोनवर म्हणाली होती, "काकू, आमच्याकडे मशीन आहे, त्यावरून आम्ही भिंतीएवढा करू. अंधारातलंसुद्धा सगळं उघडून दाखवतं ते." मी म्हटलं, बरं.

संध्याकाळी फोनवर लेकीला उन्हाचं सांगितलं, तर ती एकदम ताठ झाली. "आई, पडदा लाव. बाबा म्हणायचे ना, फोटोला ऊन दाखवायचं नाही म्हणून."

"म्हणायचे. त्यात ऊन आधीच आहे म्हणायचे. पण पडदा कुठून आणू? ह्या घराला पडदा लागलाच नाही कधी."

"मग चादर ठोक. बाबा असते तर घर बदललं असतं त्यांनी."

"ते असते तर समोरची इमारत सरकवा म्हणून अर्ज केला असता."

ती हसली. हसताना तिचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा फाटतो. फोन ठेवल्यावर खोली पुन्हा तशीच राखाडी, पण मला वाटत राहिलं की जमिनीवर त्या चौकोनाची ऊब आहे. अनवाणी पाय ठेवून बघितला. नव्हती. होती असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या उन्हाची वाट बघत बसले, हे कबूल करायला जरा लाज वाटते, पण बसले. चादर काढून ठेवली होती, खिळे-हातोडी काढून ठेवली होती, आणि खिळे न ठोकता खुर्चीत, ह्यांच्या खुर्चीत, जाऊन बसले. ऊन आलं. आधी खिडकीखाली एक रेघ, मग पट्टी, मग चौकोन. मग चटईवरून, माझ्या पावलांवरून, गुडघ्यांवरून. कुणी मांडीवर हात ठेवावा तसं. मी हलले नाही. उजेडात उभं राहायचं, हलायचं नाही, हे काम मी जन्मभर केलंय. लोकांना वाटतं, फोटो काढायला जाताना बायको बरोबर जायची म्हणजे डबा धरायला. डबा होताच. पण माझं खरं काम वेगळं होतं. ह्यांनी मला एक राखाडी शाल घेऊन दिली होती, लग्नानंतरची पहिली भेट, आणि मी येडी रंग बघून हिरमुसले होते. "अगं, राखाडी रंग उजेड खात नाही आणि उधळतही नाही. मापाला उत्तम." ती शाल पांघरून मी समोर जायचं, उतारावर, पाण्यापाशी, जिथे हे बोट दाखवतील तिथे उभं राहायचं. हे इकडे ट्रायपॉडमागून, उजेड मोजायच्या दुर्बिणीसारख्या मीटरमधून माझ्याकडे, म्हणजे शालीकडे, बघत थांबायचे. एवढ्या लांबून ओरडलेलं वाऱ्यात कळत नाही म्हणून आमच्या खुणा ठरल्या होत्या. दोन्ही हात आडवे केले की ढग येतोय, थांबा. एक हात वर केला की ऊन माझ्यावर आलं. मग ह्यांचं माप व्हायचं, आणि मग घशाच्या शिरा ताणून एकच शब्द यायचा: "बाजूला!" की मी धावत एखाद्या खडकाआड, झुडपाआड, खाचेत. मग बटण. ह्यांचे सगळे निर्मनुष्य डोंगर असे आहेत. प्रत्येकातून मी नुकतीच बाहेर पडलेली आहे. प्रदर्शनांत लोक म्हणायचे, "काय शांतता आहे हो ह्यात!" आणि मला माझीच धाप ऐकू यायची.

ऊन भिंतीवर चढलं. चौकटीच्या खालच्या पट्टीला लागलं, मग काचेला, आणि काच अशी चमकली की काही दिसेना. मी मान तिरकी केली. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या त्या गच्च काळ्यात मला काहीतरी वर उचललेलं दिसलं. धूळ असेल म्हणून उठून पदराने पुसलं. तेवढ्यात ऊन पुढे सरकून गेलं, काळं पुन्हा काळं झालं. खिडकीजवळचा दिवा लावून बघितलं, टॉर्च धरून बघितली. काळं ते काळंच. रात्रभर काही नाही, झोप छान लागली, खोटं कशाला बोलू. पण सकाळी दात घासताना आरशात बघितलं तर माझा एक हात, ब्रशाचा, वर उचललेला. फोटोतला तो हात होता.

बुधवारी मला सगळं दिसलं. भर ऊन पडलं की काळ्यातलंही थोडं थोडं उघडतं, डोळे सरावले की विहिरीचा तळ दिसतो तसं. खडक दिसले. खडकांपाशी एक माणूस. अंगावर शाल. एक हात वर. माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं, आणि मग हसूच आलं. मी! म्हणजे इतक्या वर्षांत एकदा तरी ह्यांच्या हातून बटण आधी दाबलं गेलं, किंवा मी धावायला उशीर केला, आणि राहिले मी आत. आणि हे बोलले नाहीत! मला इतकं भरून आलं की मी खुर्चीच्या पाठीला धरून "अहो" म्हटलं. मोठ्यांदा. खोलीत माझाच आवाज मला नव्या नवरीसारखा वाटला. मी किती वेळ तशी होते कोण जाणे. ऊन निघून गेलं तरी मी त्या कोपऱ्याकडे बघत होते, आणि चहा करताना, भांडी लावताना, मी आतून फुगलेली. ह्यांनी मला ठेवलं. ह्यांनी मला इतकी वर्षं समोर ठेवलं. मग टाच दुखली. थंडीत दुखते, जुनंच दुखणं आहे. ओट्याला धरून टाच चोळायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. तळ्यावर गेलो तेव्हा माझा पाय मुरगळला होता. गाडीतून उतरतानाच. त्या दिवशी मी खाली गेलेच नव्हते.

हा विचार आल्यावर जे झालं त्याला भीती म्हणावी का मला कळत नाही. पाठीमागे कुणीतरी खुर्चीतून उठल्यासारखं झालं, एवढंच. त्या दिवशी पाय सुजून हा एवढा झालेला. हे म्हणाले, "आता माप कसं घ्यायचं?" बायकोचा पाय मोडला तरी माप महत्त्वाचं, मी बोललेही तसं. मग हेच म्हणाले, "शाल दे. मी जाऊन उभा राहतो, तू मीटरमधनं बघ, आकडा लक्षात ठेव. मी वर येतो, मग काढू." बटणाची वायर माझ्या हातात दिली ती धरायला, वाऱ्यानं हलत होती म्हणून. हे उतरत गेले. वरून बघताना एवढे एवढेसे होत गेले. मी ह्यांना इतक्या लांबून कधी बघितलंच नव्हतं. नेहमी लांब मी असायची. शाल ह्यांना आखूड होत होती, गुडघ्यावर फडफडत होती, आणि शाळेत पोरांना ज्यांचा धाक ते मास्तर त्या खडकात अगदी हरवलेल्या मुलासारखे दिसत होते. वर आभाळ बंद. सगळं राखाडी, ह्या खोलीसारखं. मग फट पडली. उतरणीवरून ऊन खरंच चालत आलं. आधी माथा, मग झुडपं, मग पाण्यावर एक रेघ ओढली गेली, आणि मग ते ह्यांच्यापर्यंत आलं. ह्यांनी मान वर केली, माझ्याकडे. एक हात वर केला. आता माझी पाळी होती "बाजूला!" म्हणून ओरडायची. तोंड उघडलं मी. आणि माझ्याच्यानं ओरडवेना. एवढं सगळं ऊन, एवढा डोंगर, आणि त्याच्या तळाशी तो एक माणूस माझ्याकडे बघतोय. त्याला काय म्हणून बाजूला करायचं? मी बटण दाबलं. चुकून नाही. दाबलं.

हे धापा टाकत वर आले ते "अगं, मी आत होतो!" म्हणतच.

"दिसत होता की."

"मग दाबलंस कसं? मी हात वर केला ना? थांब म्हणत होतो मी."

"हात वर म्हणजे ऊन आलं."

"अगं ते तू उभी असताना!" मग कॅमेऱ्याकडे बघत राहिले, जणू त्यालाच लागलंय. "गेला. वाया गेला. जा, तू गाडीत बस जाऊन, पाय वर घे. मी बघतो परत येतो का उजेड." मी लंगडत गाडीत जाऊन बसले. समोरच्या काचेवर पाऊस बुरबुरत होता, संध्याकाळपर्यंत एकदाही लख्ख झालं नाही. काळोख पडायला आला तेव्हा हे आले, ओले, आणि म्हणाले, "मिळाला. दुसरा. तुझ्यापेक्षा बरा." मला वाटलं, खाली नसेल आला, वर आला असेल उजेड. डोंगरात असतं तसं. आणि बुधवारी, ओट्याला धरून उभी असताना, ह्यांचंच एक वाक्य माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. प्रत्येक व्याख्यानात सांगायचे: तोच उजेड दुसऱ्यांदा येत नाही.

आमच्या न्हाणीघराच्या एका कोपऱ्यातली फरशी अजून तपकिरी आहे. फोटो धुवायची रसायनं सांडून सांडून. खिडकीला काळा कागद, कमोडवर फळी, फळीवर ते फोटो मोठा करायचं यंत्र, आणि घरातल्या बाकीच्यांनी पोटाला आवर घालायचा. तळ्याचा फोटो करताना हे जे आत बसले ते बाहेर येईनात. लेक दारावर धपाधप मारत होती, "बाबा, मला आत्ता, आत्ता जायचंय!" आणि आतून, "एक प्रत, सोन्या, एकच प्रत!" शेवटी शेजारी नेलं तिला. एरवी मी आत जायची, तांबड्या दिव्यात कागद हलवायची. त्या वेळी कडी आतून. त्यातलं मला एवढंच कळतं, आणि ते मला तेव्हाही गमतीचं वाटायचं, की फोटोच्या कागदावर जिथे जास्त वेळ उजेड पडू द्याल तिथे तो काळा होतो. भोक पाडलेला पुठ्ठा धरायचा आणि त्या भोकातून तेवढ्याच जागी उजेड सोडत राहायचं. म्हणजे हे आत बसून, पुठ्ठा हातात धरून, स्वतःवर उजेड ओतत होते, पुन्हा पुन्हा, प्रत्येक प्रतीत थोडा जास्त, बुडून जाईपर्यंत. लेकीला, तेव्हा ती लहान होती, ते काळं पटलं नव्हतं. भिंतीवर लागल्यावर तिने विचारलं होतं, "बाबा, ही सावली कशाची?" ढगाची, म्हणाले. पण ऊन पडलं तेव्हा मी बघितलंय. त्या काळ्यात जे खडक आहेत, त्यांच्या प्रत्येकाच्या पायाशी आपापली छोटी सावली आहे. ढगाखाली दगडांना सावल्या नसतात. हे मला ह्यांनीच शिकवलंय.

चोरी म्हणायची का ह्याला? घरातलं घरात. डबा माझा आणि डाव तुमचा, असलं संसारात कोण मोजतं. नाव माझं झालं असतं तर मी काय केलं असतं, व्याख्यानं दिली असती? नाही, मला लागलं ते दुसरंच. मी ह्यांना बघितलं, आणि हे त्यातून निघून गेले. बाजूला व्हायला मी ओरडले नाही तर स्वतःच झाले, घरी येऊन, कडी लावून. आणि तरी, हेही खरं की टाकून नाही दिला. कापता आला असता तो कोपरा. कात्रीने एक बोट. तर नाही, तसाच ठेवला, खुर्चीसमोर टांगला, आणि रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर त्याच्याकडे बघत बसायचे. मला वाटायचं डोंगर बघतात. ह्यांना तर माहीत होतं कुठे काय आहे. हे त्या काळ्यात काय बघत होते, वर बघणाऱ्या स्वतःला? की ज्या जागेवरून मी बघत होते, ती जागा? मी मागून चहा आणून द्यायची, आणि हे मान न वळवता हात पुढे करायचे.

गुरुवारी आभाळ भरलं, ऊन आलं नाही. मी खुर्चीत बसले होते, अंधार होईपर्यंत, आणि माझ्या शेजारी कुणीतरी तसंच बसलंय हे मला इतकं पक्कं माहीत होतं की मी वळून बघितलं नाही. दवाखान्यात शेवटी डोक्यावर ट्यूबलाइट होती. "हा उजेड काढा," एवढंच म्हणायचे. सिस्टर म्हणाली, आजोबा, मग मला सुई कशी दिसणार? खिडकी ह्यांच्या पाठीशी होती, वळता येत नव्हतं, तर मला विचारायचे, "बाहेर कसा आहे?" मी बघून सांगायची. अजून कडक आहे. "मग थांबू," म्हणायचे आणि डोळे मिटायचे. शेवटच्या दिवशी मी सांगितलं, आता छान तिरका झालाय. ह्यांनी डोळे उघडले नाहीत, पण चादरीवरचा हात जरा उचलला. जरासा. मी तो धरला आणि खाली ठेवला, सलाइन हलेल म्हणून. तेव्हाही मला कळलं नाही तो काय म्हणत होता, आणि आताही, फोटोतला हात आठवेल तसा निराळं बोलत होता. एकदा थांब म्हणायचा. एकदा ये म्हणायचा. ऊन सरकताना तर वाटलं होतं, खाली येतोय.

शुक्रवारी मी चादर ठोकली. विचार केला होता सगळा. मुलगी येईल, मी फोटो देईन, मशीन उघडून दाखवेल तेव्हा दाखवेल. कुणीतरी कुजबुजेल, हे कोण बुवा, लिहितील काहीतरी, आणि मला विचारायला आले तर माझा पाय दुखतो म्हणेन. झाकली मूठ. गेलेल्या माणसाचं उघडं पाडणारी मी कोण? चादर निळी होती, जुनी, मधे विरलेली, आणि तिच्यातून ऊन गाळून आलं तेव्हा खोली पाण्याखाली गेल्यासारखी झाली. ह्यांच्या सगळ्या वस्तू त्या निळ्यात तळाशी बसलेल्या. मला गुदमरल्यासारखं झालं आणि मी स्वैपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले, उगाच.

मुलगी शनिवारी दुपारी आली, पाठीला एवढी मोठी पिशवी, हातात फोटो गुंडाळायला फुगे-फुग्यांच्या प्लास्टिकची गुंडाळी, दारातच पाय पुसत म्हणाली, "काकू, पाणी द्या आधी, लिफ्ट बंद आहे तुमची, मी मेले." माझ्या लेकीपेक्षा लहान असेल. पाणी पिऊन झाल्यावर पांढरे हातमोजे चढवले आणि फोटोसमोर जाऊन एकदम गप्प झाली. आवडली मला. मग म्हणाली, "खाली लावायच्या पाटीवर त्यांचं नाव, आणि... तळ्याचं काही सांगायचे का ते? कसा काढला वगैरे?" मी म्हटलं, "उजेडाची वाट बघून." ती म्हणाली, "ते सगळेच सांगतात हो." आणि खिडकीकडे बघून, "ही चादर का?"

"ऊन येतं."

"उत्तरेकडून?"

मी स्टूल ओढलं. स्टुलावर चढले, ती "अहो काकू, पडाल!" करत धावली. खिळे काढले. चादर खाली आली ती माझ्या डोक्यावरून, आणि ऊन सरळ आत, चटईवरून, खुर्चीवरून, भिंतीवर. वेळ झालेलीच होती.

"बाप रे, चकाकतंय केवढं. हे जाऊ दे, मग उतरवू."

"गेल्यावर काही दिसायचं नाही. इकडे ये, अशी. तिरकी बघ. कोपऱ्यात."

ती बघत राहिली. डोळे बारीक केले, मोठे केले. "माणूस आहे," म्हणाली, अगदी हळू, माणूस जागा होईल म्हणून. "काकू, त्यांच्या फोटोत तर माणसं नसतात."

"नसतात."

"कोण आहे?"

"आमचे हे."

ती हसली आधी. मग तिचं हसू थांबलं. हिशेब तिच्या तोंडावर मला दिसत होता, शाळेतल्या पोरीसारखा. "पण ते जर खाली आहेत... तर वर कोण होतं?"

"माझा पाय मुरगळला होता," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर तिला काही कळेना, म्हणून पुढचं म्हटलं. मीटर, शाल, वायर. गाडीच्या काचेवरचा पाऊस. वाटलं होतं त्याहून सांगायला कमीच वेळ लागला. एवढंसं होतं ते. "पाटीवर तसं लिही," मी म्हटलं. "काढणारी मी. आणि आत कोण आहे तेही लिही. दोन्ही लिही, एक नको."

"नक्की ना, काकू? लोक त्यांना..."

"म्हणू देत. ते आहेत की तिथे ऐकायला."

तिने घाईघाईनं फोन काढला. "थांबा, उजेड आहे तोवर हे मला घेऊन ठेवू दे." एक पाऊल मागे गेली, वाकली, पुन्हा उठली. "काकू, तुमची सावली पडतेय फोटोवर. जरा बाजूला होता?"

माझा पाय उचललाच होता. सवयच तशी. खडक कुठे आहे ते बघायला मान वळली होती. आणि मी पाय खाली ठेवला, तिथेच. ऊन माझ्या तोंडावर होतं, मिटलेल्या पापण्यांतून तांबडं दिसत होतं, उसनं का असेना, गरम होतं. समोर ती मुलगी माझ्याकडे बघत होती; तिच्यामागे ह्यांची खुर्ची. माझ्या मागे, पाठीला लागून, ते तळं. माझा हात वर गेला. मी नेला नाही, गेला.

मुलीनं फोन खाली केला. "थांबू?"

मी त्या हाताकडे बघितलं. वर उभा होता, रिकामा, उन्हात. बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटणार. आत असल्याशिवाय कळत नाही.

"नाही गं," मी म्हटलं. "ऊन आलंय. काढ."